कड्याशी थांबणारी लाल गाडी

रविवार, २४ नोव्हेंबर १९८५

आणली एकदाची! जामुलहून सेक्टरपर्यंत यायला अडीच तास लागले. पुढं ट्रॅक्टर, मधे दोर, मागं मी स्टिअरिंगवर. टायरांत हवा नाही, बसायला सीट नाही, लोखंडी पत्र्यावर पोतं टाकून बसलो होतो. कंबर कामातून गेली.

गाडी म्हणजे जुनी लँडमास्टर. एका ठेकेदाराच्या आवारात बारा वर्षं उभी होती, त्याला जागा मोकळी करायची होती. चौकीदार म्हणाला, "ले जा गा, एमा तो हमर कुकरी मन अंडा देथें." खरंच मागं तीन अंडी निघाली! बायको, कौशल्या, म्हणे, दुसऱ्याच्या कोंबडीची आहेत, परत नेऊन द्या. आता अंडी द्यायला जामुलला जाऊ?

नरहरी दारात कुबडी टेकून उभा होता. चौदा महिन्यांत पोरगा पहिल्यांदा आपणहून खाटेवरून उठला. गाडीभोवती एक चक्कर मारली. वाकून खालून पाहिलं. म्हणाला, "चालते बाबा. हेच पाह्यजे होती."

मी नुसती मान हलवली. जास्त बोललो तर पुन्हा भिंतीकडं तोंड करून निजेल.

सोमवार, २५ नोव्हेंबर

हे सगळं कशासाठी ते लिहून ठेवतो. नाहीतर उद्या मलाच वेडेपणा वाटेल.

मी स्टील प्लांटच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक, सव्वीस वर्षं. पोराला तिथंच लावायचं ठरवलं होतं. तो वीस वर्षांचा असताना म्हणाला, "मले जिंदगीभर हाताले ग्रीस नाही लावायचं," अन् मुंबईला पळाला. पिक्चरमध्ये काम करतो म्हणे. वर्षातून एखादं कार्ड. शेवटच्या कार्डात लिहिलं होतं, लाल गाडीच्या एका पिक्चरचं काम मिळालं आहे, नाव होईल. कौशल्यानं लगेच सगळ्या ब्लॉकमध्ये सांगितलं—माहा नरू पिक्चरची गाडी चालवते!

मग तार आली. दवाखान्यातून आणला तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. शेजारच्या बेबीताईनं विचारलं, "गाडी चालवताना झालं का रे बाबू?" तो "हो" म्हणाला. बस, तेवढंच. त्याच्यावर एक शब्द नाही.

या दिवाळीला एकदम म्हणाला, "बाबा, मले ते लाल गाडी पुन्हा बनवाची आहे. हुबेहूब."

"कावून?"

"अशीच."

आता कोणी सांगावं, गाडीनंच पोरगा उभा राहील. जामुलच्या आवारात ही पडून आहे हे मला माहीत होतं. गेलो.

रविवार, १ डिसेंबर

दुर्गच्या टॉकीजमध्ये तो पिक्चर मॅटिनीला परत लागला आहे. नरहरीच म्हणाला, चला. गाडी नीट पाहून घ्यायची होती. कौशल्यानं नवं लुगडं नेसलं. मी वही अन् पेन्सिल घेतली. शेजारचा माणूस माझ्याकडं पाहून राहिला होता—अंधारात हा काय लिहितो म्हणून!

लिहिलं ते असं: टप नाही. मागं दोन शेपट्या, माशासारख्या. पांढऱ्या सीटा. पुढं दोन भोंगे. रंग पिकल्या टमाट्यासारखा.

मधल्या सुट्टीनंतर तो घाटाचा सीन आला. लाल गाडी वरून सुसाट उतरते, वळण घेते, हिरोईन कड्यावर उभी—अन् गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबते. धूळ! शिट्ट्या! कौशल्यानं माझा हात धरला. "पाहा, पाहा, हा आपला नरू आहे आतमध्ये!"

मी नरूकडं पाहिलं. त्यानं डोळे मिटले होते.

बुधवार, ४ डिसेंबर

गुडघा दुखतो. ड्युटी. गुडघा.

रविवार, ८ डिसेंबर

टप कापला. आधी करवतीनं, मग गॅसनं. सकाळपासून चारपर्यंत. टप खाली पडला तेव्हा मलाच वाईट वाटलं.

बेबीताई कुंपणापाशी येऊन म्हणते, "अवो देवाजीभाऊ, चांगली गाडी होती न! तिचं टक्कल कावून केलं?" मी सांगितलं, पिक्चरमधली लाल गाडी होणार आहे. तिचे डोळे मोठे झाले. "मंग आमच्या रमाचं लग्न आहे फेब्रुवारीत. जावई ह्याच गाडीत येईन! सांगून ठेवते." अन् गेली. हो-नाही विचारलंच नाही.

टप काढल्यावर गाडी मधेच लचकली. दारं लागेनात. हे व्हायचंच होतं—टपच गाडीला धरून ठेवतो. मी विचार करत बसलो तर नरहरी शांतपणे म्हणाला, "खालून दोन लोखंडी चॅनल टाकाचे, दीड इंची. मागून एक आडवा. मंग उचलते."

"तुले कसं माहीत?"

"तिच्यात, पिक्चरच्या गाडीत, तसंच होतं."

बरोबर बोलला. जमिनीवर पोतं अंथरून तो गाडीखाली सरकला. एक पाय बाहेर दिसत होता. आतून सांगत होता—इथं छिद्र, इथं बोल्ट. मी देत होतो. असं माझं पोरगं माझ्याबरोबर काम करेल हे वाटलंच नव्हतं. खुश व्हायला पाहिजे. पण इतका थकलो आहे की खुशीही उद्यावर टाकली.

शुक्रवार, १३ डिसेंबर

आज जेवताना नरहरीनं दुसऱ्यांदा भात मागितला. कौशल्या आत जाऊन रडली.

रविवार, २२ डिसेंबर

कुम्हारीला पत्रा ठोकणारा एक म्हातारा डेंटर आहे, त्याच्याकडून शेपट्या ठोकून आणल्या. बसच्या टपावर चढवल्या. कंडक्टर विचारतो, "काकाजी, ये क्या है, हवाई जहाज का पंखा?" म्हटलं, हो, घरी विमान बनवून राहिलो. सगळी बस हसली. मीही हसलो. गंज दिवसांनी, महिन्यांनी.

रविवार, ५ जानेवारी १९८६

आज जे कळलं ते लिहायला नको वाटतं.

डॅशबोर्ड बसवायचा होता. पिक्चरमध्ये आतलं नीट दिसत नाही. मी सहज विचारलं, "स्पीडचा काटा कोठी होता? मधात का ड्रायव्हरपुढं?"

नरहरी थांबला. "मधात. . . नाई. पुढं असन."

"अन् भोंग्याचं बटन?"

गप्प.

"गिअरचा दांडा खाली का स्टिअरिंगले?"

"बाबा, तुमाले जसं जमते तसं लावा न."

मी पाना खाली ठेवला. दीड महिना झाला, हा मला चॅनलचा एकेक बोल्ट सांगतो. खालच्या पाईपाला किती क्लिपा होत्या ते सांगतो. सायलेन्सर कुठं वाकवला होता ते सांगतो. अन् जिथं बसून गाडी चालवली म्हणतो, तिथलं काही सांगता येत नाही! चालवणारा माणूस समोरचं विसरत नाही. मी सव्वीस वर्षं ड्रायव्हर पाहतो.

हा त्या गाडीत कधी बसलाच नाही.

सोमवार, ६ जानेवारी

दिवसभर डोक्यात तेच. सगळा सेक्टर याला स्टंटवाला म्हणतो. पूजेच्या मंडळानं याचा सत्कार केला, नारळ दिला. यानं घेतला! पाय कशानं गेला मग? रस्ता ओलांडताना?

कौशल्याला सांगितलं नाही. तिच्याजवळ तेवढंच एक आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. कौशल्या म्हणाली, बापलेकांनी तिळगूळ द्या एकमेकांले, आठ दिवस झाले तोंडं फिरवून बसले. दिला. त्यानं पायाला हात लावला. मी "बरं बरं" म्हणालो.

रविवार, १९ जानेवारी

काम थांबवायचं ठरवलं होतं. सांगायला बाहेर गेलो. तो थंडीत गाडीखाली पडला होता, दवाखान्यातून मिळालेला लाकडी पाय बाजूला काढून ठेवलेला. हाताची बोटं निळी पडली होती. मी दुसरं पोतं आणून त्याच्या पाठीखाली सरकवलं अन् पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलो.

खोटं असो. हात तर चालून राहिले त्याचे.

रविवार, २६ जानेवारी

रंग दिला! तीन हात. झेंडावंदन झाल्यावर सगळी कॉलनी इथंच. खरंच तीच गाडी. लोकांनी हात लावू नये म्हणून कौशल्या काठी घेऊन बसली होती, पण स्वतः चार वेळा हात लावून पाहिला, बोटं लाल झाली. कोणी विचारलं, "नरहरीभैया, एक बार वो घाट वाला सीन दिखाओगे?" तो म्हणाला, "दिखाएंगे."

मला त्याचं ते "दिखाएंगे" आवडलं नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

ब्रेकचं काम राहिलं होतं. मास्टर सिलिंडर मी बांधला. पाईप टाकायला निघालो तर नरहरीनं हात धरला. "बाबा, पाईप मी टाकतो. एकटा. तुमी पाहू बी नोका."

"कावून?"

"तिच्यात मीच टाक—" म्हणाला अन् थांबला. मग म्हणाला, "जसा तिच्यात होता तसाच पाह्यजे."

वाद घालायची ताकद नव्हती. ओट्यावर उन्हात बसलो. बसल्या बसल्या डोळा लागला. उठलो तेव्हा पाईप झाला होता. मी वाकून पाहिलं नाही. गुडघे वाकत नाहीत आता.

त्याचं ते अर्धं वाक्य मात्र कानात आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

इंजिन चालू झालं. धूर, मग खोकला, मग आवाज! मी ब्लॉकभोवती दोन चकरा मारल्या. ब्रेक एकदम चांगला लागतो. बेबीताईनं चाकाखाली लिंबू ठेवला, गाडीला कुंकू लावलं. अन् बाजूला घेऊन म्हणाली, जावयाला सांगून ठेवलं आहे, शिट्टी वाजवायची पोरंही ठरली आहेत!

एक गोष्ट दिसली. नरहरीनं ॲक्सिलेटरला हाताचा दांडा बसवला आहे. एका पायाच्या माणसाला चालवता यावी असा. म्हणाला, "शिकाचं आहे मले. इथं गर्दी आहे. नंदिनीकडं जाऊ."

नंदिनीच्या खाणीवर माझा जुना दोस्त फकिरा आहे, डंपर चालवतो. त्याच्याकडून कळलं, खाणीच्या पलीकडं एक जुना रस्ता आहे, आता कोणी वापरत नाही. सरळ अन् शेवटी मुरमाचा ढीग. पुढच्या रविवारी जायचं ठरलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

उशीर झाला आहे. तरी लिहितो. आज नाही लिहिलं तर कधीच नाही.

सकाळी आठला निघालो. थंडी, बिनटपाची गाडी, मफलर बांधून मी चालवत होतो. बाजूला नरहरी, कुबडी मांडीवर धरून. रस्त्यात लोक हात दाखवत होते. नंदिनीला फकिरा सायकल घेऊन उभा होता. त्यानं रस्ता दाखवला अन् झाडाखाली बिडी पेटवून बसला. माणूस ना काणूस. पांढरी धूळ अन् दूरवर तो ढीग.

नरहरी म्हणाला, "आता तुमी उतरा."

"मी बसतो न बाजूले. शिकवतो."

"नाई बाबा. तुमी फकिराकाकाजवळ जाऊन बसा."

त्याचा चेहरा पाहिला अन् मी किल्लीच काढून घेतली. "आधी सांग. तू त्या गाडीत बसला होता का नव्हता?"

त्यानं दूरच्या ढिगाकडं पाहिलं. मग बोलला, ते जसं आठवते तसं लिहितो.

"मी नव्हतो चालवत. चालवणारा ओमप्रकाश होता. मी तिचा मेकॅनिक. मुंबईत जाऊन बी हातात पानाच आला बाबा, दुसरं काई येतच नव्हतं मले. जुनी गाडी आणली होती, तिचा टप मीच कापला, चॅनल मीच टाकले. चॅनलमुळं ब्रेकचा पाईप पुरेना, तर मीच जोड देला. पहिला टेक चांगला झाला. तुमी पाह्यला तोच. डायरेक्टर म्हणे अजून एक. अजून एक. बारा वेळा थांबली. मी वळणावर लाकडाचा गुटका घेऊन उभा राहो, गाडी थांबली का चाकाखाली लावाले. तेराव्या बारीले. . . ओमप्रकाश पाय मारून राहिला होता, मले दिसत होतं. गाडी थांबेना. मी गुटका सारला, गाडी त्याच्यावरून अन् माह्या पायावरून गेली. खाली."

"ओमप्रकाश?"

"खाली बाबा. गाडीसंग."

फकिरा दूर बसला होता, त्याची बिडी विझली असावी, तो काडी ओढत होता. मी ते पाहत राहिलो.

"कंपनीवाल्याईनं लिहिलं, ड्रायव्हर दारू पेऊन होता. मी दवाखान्यात होतो, मले कागद आणून देला. मी सही केली. त्याची बायको आहे, कलावती. भेटाले आली होती मले. म्हणे, भाऊ, खरंच पेले होते का? मी म्हटलं, हो."

मग म्हणाला, "तेव्हापासून डोक्यात एकच. पेला होता का माहा जोड तुटला? गाडी तर दरीत जळून गेली, पाहाचं कशात? म्हणून तशीच बनवली. चॅनल तेच, पाईप तोच, जोड तोच. आता पळवाची अन् ब्रेक मारत राहाचा. तुटला तर तुटला."

"अन् तुटला तर तू कोठी जाशीन?"

खांदे उडवले त्यानं. तेव्हा मला कळलं, गाडी उभी करता करता हा कशाची तयारी करून राहिला होता. दांडा कशासाठी होता.

मी म्हणालो, "उतर."

"बाबा—"

"उतर म्हणतो न! दोन पायाच्या माणसाचं काम आहे हे. ओमप्रकाशचे दोन होते."

तो उतरेना. मी त्याची कुबडी उचलून बाहेर फेकली, मग उतरला. माझ्या जन्मात मी असं केलं नव्हतं. मी हँडब्रेक दोनदा ओढून पाहिला—त्याची तार वेगळी, त्याचा पाईपाशी संबंध नाही. ढिगाचं अंतर नजरेनं मोजलं. मेकॅनिकनं करायचं ते सगळं केलं. मग गाडी काढली.

काटा तीस मैलांवर नेला, ब्रेक दाबला. थांबली. पुन्हा. थांबली. रस्ता संपला की वळून परत. नरहरी रस्त्याच्या कडेला एका पायावर उभा, हात हलवत—पुरे, पुरे! मी थांबलो नाही. पाचव्या वेळेला वाटलं, बापरे, आता ह्या पोराला काय सांगू, ब्रेक तर बरोबर आहे, म्हणजे तो माणूस पेलाच होता—अन् खरं सांगतो, मला बरं वाटलं. माझा पोरगा सुटला. मेलेला माणूस अडकला तर अडकला. असं वाटलं मला. लिहून ठेवतो.

अकराव्या वेळेला पेडल मऊ लागलं. अन् मग पाय सरळ खालीच गेला. जसा पाण्यात जातो.

ढीग समोर. हँडब्रेक ओढला, गिअर खाली टाकला, गाडी किंचाळली, फिरली, अन् बाजूनं मुरमात जाऊन बसली. एक शेपटी चेपली. छातीला स्टिअरिंग लागलं. बाकी काही नाही. काहीच नाही!

नरहरी कुबडीवर उड्या मारत आला, दोनदा पडला. माझ्या अंगावर हात फिरवून पाहिला, डोकं, हात, छाती, लहान लेकराला पाहतात तसं. मग पोटावर सरपटत गाडीखाली गेला. खूप वेळ आतच. मी वाकून पाहिलं. चॅनलच्या कोपऱ्यात पाईपाचा जोड चिरला होता, ब्रेकचं तेल थेंब थेंब गळत होतं.

तो खालून म्हणाला, "ओमप्रकाश पेला नव्हता बाबा."

अन् रडला. मी पण.

फकिरानं खाणीतून डंपर आणून गाडी ओढून बाहेर काढली. त्यानं काही विचारलं नाही. तो तुटलेला जोड मी कापून खिशात टाकला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

ड्युटीवर गेलो. छाती दुखते. कोणी विचारलं तर म्हणालो, गॅस.

बुधवार, १९ फेब्रुवारी

कौशल्याला नरहरीनंच सांगितलं. मी बाजूला बसलो होतो. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "मंग त्या बाईले लोकं आतापर्यंत दारुड्याची बायको म्हणत असतीन न."

थोड्या वेळानं: "मी सगळ्याईले सांगत फिरली. माहा पोरगा, माहा पोरगा. तू मले एकदा बी अडवलं नाईस रे."

नरहरी म्हणाला, "मी मुंबईले जातो माय. तिले सांगतो. कागदावर सही केली ते बी सांगतो. रमाचं लग्न झालं की निघतो. एकटा."

मी हो म्हणालो. त्याचं त्यानं सांगावं, हेच बरोबर. कौशल्यानं आज त्याला स्वतः वाढलं नाही. ताट झाकून ठेवलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

गाडीला नवा पाईप टाकला. अखंड, बिनजोडाचा, टोकाला नट. गॅरेजमध्ये टाकतो तसा. शेपटी ठोकून सरळ केली. नरहरी पाने देत होता, आज मी खाली होतो. गुडघे वाकले कसेबसे.

बेबीताईला गाडी द्यायची का, असं तो म्हणाला. ती गाडी पाहवत नाही त्याला. मी म्हणालो, शब्द गेला आहे. अन् गाडीनं काय केलं?

गुरुवार, २७ फेब्रुवारी

रमाचं लग्न. मी गाडी चालवली, नवरदेव मागं पांढऱ्या सीटवर, फेटा सांभाळत. बँडवाले पुढं. पाऊण मैल, चालीच्या वेगानं. मंडपापाशी गाडी थांबवली तर शिट्ट्याच शिट्ट्या. बेबीताई आरती घेऊन धावत आली, आधी गाडीला ओवाळलं, मग जावयाला! सगळे हसले. जावई नाराज.

कौशल्या बायकांत बसली होती. कोणी विचारलं, "तुमचा नरहरी नाई चालवत का आज?" ती म्हणाली, मी कानानं ऐकलं, "तो मेकॅनिक आहे. ड्रायव्हर दुसरा होता. तो गेला. चांगला माणूस होता."

मग कोणीतरी पंगत बसवा म्हणालं.

घरी आल्यावर तिनं नरहरीला गरम पोळी वाढली.

रविवार, २ मार्च

कौशल्या नरहरीची मुंबईची बॅग भरत होती. मी कामाची पेटी आवरायला घेतली. तो तुटलेला जोड हाताला लागला. आज पहिल्यांदा उजेडात धरून पाहिला. पितळेच्या झाळेखाली तांब्याची बारीक तार. सात वेढे, शेवटचा उलटा.

असा जोड कोणी देत नाही. मी द्यायचो. गावाकडच्या ट्रॅक्टरांना, शेतातल्या शेतात चालवायला. नरहरी आठवीत असताना सुट्टीत मीच त्याला शिकवला होता. "असा बांधला का जन्मात तुटत नाही," म्हणालो होतो.

त्याला माहीत होतं. इतक्या दिवसांत त्यानं माझं नाव घेतलं नाही.

सुट्टीचा अर्ज लिहिला. तिकिटं दोन काढतो. कलावतीबाईपुढं आधी मी बोलणार.